सहाशे चाळीस ग्रॅम

१

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी दुकानोदुकानचे काटे तपासले, तेव्हा ते चिकटलं ते चिकटलं. निवृत्तीनंतर खरं नाव फक्त सहीपुरतं उरलं. बायकोसुद्धा, एरवी ‘अहो’वर भागवणारी, रागावली की ‘काय काटेसाहेब’ अशी सुरुवात करायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन मशीनला जोडून घेण्यापेक्षा त्यांनी घरच्या घरी करायचं पोटाचं डायलिसिस पत्करलं. बेंबीच्या डाव्या अंगाला एक बारीक नळी कायमची बसवलेली. दिवसातून चार वेळा त्या नळीला जोडपिशवी लावायची: एक पिशवी औषधी पाण्याने भरलेली, वर टांगलेली, दुसरी रिकामी, खाली जमिनीवर. आधी पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत सोडायचं, मग वरचं दोन लिटर ताजं पाणी पोटात घ्यायचं. ते पाणी शरीरातली घाण ओढून घेतं आणि चार-पाच तासांनी पुन्हा तेच. जन्माचं काम, पण काटेसाहेबांच्या स्वभावाला मानवलं. वेळ ठरलेली, क्रम ठरलेला, आणि शेवटी वजन.

मागच्या बाजूची अडगळीची खोली त्यासाठी रिकामी केली होती. खिडकी बंद, पंखा बंद, कोपरापर्यंत हात धुतलेले, तोंडावर मास्क. काम चालू असताना कुणीही दार उघडायचं नाही, हा नियम. जंतू शिरले तर जिवावर बेततं. आत ते एकटेच बसत आणि पाणी उतरण्याकडे कान लावत. आवाज असा नसतोच. अगदी शेवटी नळीत हलकी गुळगुळ होते, तेवढीच. मग खालची पिशवी ताणकाट्याला लावायची. दोन लिटर आत गेले असतील तर सव्वादोन बाहेर यायला हवेत, म्हणजे अंगात साचलेलं जास्तीचं पाणीही निघालं. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून आकडा वहीत, पिशवी मोरीत रिकामी.

दोन वर्षांत एकही बॅग चुकली नव्हती आणि एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नव्हता.

२

अक्का त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा शाळा सोडून तिनेच या भावाला वाढवलं, अभ्यासाला बसवलं, परीक्षेच्या दिवशी त्याच्या पायात स्वतःच्या चपला घालून पाठवलं. आता ती आगगाडीने नऊ तासांच्या अंतरावर एकटी राहत होती. काटेसाहेब तिच्याकडे बारा वर्षांत गेले नव्हते. आधी बढतीची परीक्षा, मग बदली, मग तपासणीची मोहीम. भाऊजी वारले तेव्हा पोटात नळी बसवून जेमतेम चार दिवस झाले होते. ते कारण खरं होतं. पण आधीची सगळी कारणं खोट्या मापाची होती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

या खेपेला अक्काने फोनवर जे सांगितलं त्यावर कारण शोधायला जागाच नव्हती. काचबिंदूने तिची नजर चाळणीसारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, वर्षअखेरपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. “उजेड आहे तोवर तुझं तोंड बघू दे,” एवढंच ती म्हणाली आणि विषय बदलून पाण्याच्या टाकीबद्दल बोलत बसली.

बायकोने त्याच दिवशी कंबर कसली. दवाखान्यातल्या सिस्टरना फोन केला. सिस्टर म्हणाल्या, प्रवासाला बंदी नाही, गबाळेपणाला आहे. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, दोन दिवसांच्या बॅगा हातात ठेवा, बाकीच्या आधीच मुक्कामाच्या ठिकाणी पाठवून द्या. पंधरा दिवसांचे साठ जोड, म्हणजे दहा पेट्या. बायकोने यादी केली. काटेसाहेबांनी त्या यादीतल्या चुकांची वेगळी यादी केली. मग दोघांनी मिळून दुसरीच यादी केली आणि पेट्या रवाना झाल्या.

३

पेट्या पोचल्याचा अक्काचा फोन आला. पेट्या आणणाऱ्या माणसाने त्या वरच्या खोलीत लावून दिल्या होत्या. अक्काचे गुडघे गेल्यामुळे ती जिना चढत नसे. कामाला येणाऱ्या मावशींनी वर जाऊन खोली झाडली, खिडकीजवळ हाताची खुर्ची ठेवली, पिशवी टांगायला गजाला आकडा अडकवला. “तुझं आसन मांडून ठेवलंय,” अक्का म्हणाली. आवाजात इतका आनंद होता की काटेसाहेबांना अपराध्यासारखं झालं.

त्याच दिवशी दुपारची पिशवी कमी भरली.

एक हजार नऊशे ऐंशी. आत दोन लिटर गेले होते. त्यांनी पिशवी काढून पुन्हा लावली. तोच आकडा. कपाटातून खात्याच्या शिक्क्याची जुनी प्रमाण वजनं काढली, ताणकाटा तपासला. काटा बरोबर होता. असं होतं कधीकधी, सिस्टरनी सुरुवातीलाच सांगितलं होतं: नळी वळते, आतड्याआड जाते, कूस बदला, दोन पावलं चाला. ते कुशीवर झाले, उभे राहिले, चालले. पाणी आलं नाही. आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली, दोन वर्षांत पहिल्यांदाच, बारीक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक हजार नऊशे. तिसऱ्या दिवशी साडेसतराशे. सकाळ-संध्याकाळच्या आणि झोपतानाच्या पिशव्या ठीक होत्या. बिघाड होता तो फक्त दुपारच्या पिशवीत, एक वाजताच्या.

पोटात पाणी राहिलं तर ते दिसायला हवं. पाय सुजतील, धाप लागेल, निदान वजन तरी वाढेल. रोज सकाळी ते वजनकाट्यावर उभे राहत होते. अठ्ठावन्न किलो चारशे. काल तेच, परवा तेच. साडेसतराशे बाहेर आलं होतं आणि उरलेलं अडीचशे कुठेच नव्हतं.

४

डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला. नळी जागच्या जागी. रक्त तपासलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले की हे आकडे वर्षभरातले सगळ्यात चांगले आहेत. काटेसाहेबांनी वही पुढे केली. डॉक्टर हसले. मोजण्यात थोडंफार इकडेतिकडे होतंच, म्हणाले. खुशाल जाऊन या बहिणीकडे.

मोजण्यात इकडेतिकडे. उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. परत येताना रिक्षात ते गप्प होते. बायकोने त्यांच्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावला.

“निमित्त शोधताय ना?” ती म्हणाली. “या वेळी मी एकटी जाईन. सांगून ठेवते.”

संध्याकाळी अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, पेट्या उघड्याच पाठवल्या होत्या का रे? मावशींना वरची एक पेटी उघडी दिसली होती. आणि खुर्चीजवळ चार-पाच वापरलेल्या पिशव्या होत्या, नळ्या गुंडाळून एकावर एक नीट रचलेल्या. मावशींना वाटलं, आधीपासून तशाच असतील.

काटेसाहेबांनी विचारलं, वर कोण जातं? कुणी नाही, अक्का म्हणाली. मावशी सकाळी येऊन दहाला जातात. दाराला आतून कडी असते.

“मग आवाज बिवाज?”

“दुपारी खुर्ची सरकते,” ती म्हणाली. “मी जेवून पडते ना, तेव्हा. एक वाजता.”

५

बुद्धीला पटेल असा विचार त्यांनी दोन दिवस केला. घराच्या मागून वर यायला वाट असेल. गावात कुणीतरी त्यांच्यासारखाच आजारी असेल, परिस्थितीने गांजलेला. पेट्या उतरताना त्याने पाहिल्या असतील. चोर म्हणावं तर चोर, पण असा चोर की ज्याला जगायचंय. त्या न पाहिलेल्या माणसाची त्यांना दयाही आली. अक्काच्या शेजारी एक सुतार राहत होता. त्याला सांगून त्यांनी वरची खोली बघायला लावली. सुताराने खिडकीचे गज हलवून पाहिले, छत ठोकून पाहिलं. मांजर यायलाही वाट नाही, म्हणाला. बिजागरीला तेल घालून तो निघून गेला.

एक गोष्ट मात्र सुतारानेच जाता जाता सांगितली. वापरलेल्या जोडांमधली खालची पिशवी तेवढी भरलेली होती. वरची, ताज्या पाण्याची, प्रत्येक वेळी जशीच्या तशी.

म्हणजे तो जो कोण होता तो औषध घेत नव्हताच. फक्त पोटातलं सोडत होता.

त्या दुपारी काटेसाहेबांची पिशवी तेराशे साठ भरली. त्यांनी वही मिटली, हात पुसले आणि बराच वेळ दार न उघडता आतच बसून राहिले. बाहेर बायको कपड्यांच्या घड्या घालत कुठल्याशा गाण्याची एकच ओळ घोळवत होती. रोजच्यासारखं ते घर. मग त्यांनी अक्काला फोन लावला आणि शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं की उद्या मावशी आल्या की वरची आजची पिशवी तुझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांग. एक रिकामी पिशवीही ठेव आणि दोन्ही आकडे मला कळव.

“कशाला रे?”

“सवय,” ते म्हणाले. अक्का हसली.

सकाळी तिने आकडे सांगितले. भरलेली सातशे सत्तर, रिकामी एकशे तीस. त्यांना वजाबाकी करावी लागली नाही. दोन हजारांतून तेराशे साठ गेले की किती उरतात, ते काल दुपारपासून त्यांच्या डोक्यात होतं.

सहाशे चाळीस.

६

हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगणार काय? आयुष्यभर दुकानदारांना ऐकवलं होतं की काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. आता काटा बरोबर होता, दोन्हीकडचा. त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही असं काहीतरी तो सांगत होता, आणि खोटं ठरवायला माणूसही सापडत नव्हता.

प्रवासाला चार दिवस उरले होते. त्यांनी अक्काला फोन केला. प्रकृतीचं जरा कमीजास्त आहे, म्हणाले. पुढच्या महिन्यात बघू. ती रडेल, रागावेल, असं त्यांना वाटलं होतं. बारा वर्षांतलं तेरावं कारण होतं ते.

“बरं,” अक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “नको दगदग करूस. आताशा सकाळपासूनच असतो वर. तुझ्यासारखाच खोकतो, दोनदा. पाय घासत चालतो. मी खालून बोलते काहीबाही, लहानपणचं. मला पुरतं तेवढं.”

फोन ठेवल्यावर काटेसाहेब खिडकीशी उभे राहिले. भीती होतीच. तिच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याला लाज म्हणावं की मत्सर, ते त्यांना ठरवता येईना. आपली बहीण आपल्याऐवजी दुसऱ्या कशावर तरी समाधान मानतेय, आणि ती वेळ तिच्यावर आपण आणली.

ते बायकोकडे गेले आणि म्हणाले की बॅगा भर.

७

गाडी सकाळची होती. तोपर्यंत चारही वेळच्या पिशव्या कमी भरू लागल्या होत्या. निघताना सकाळची चारशेवर थांबली. वजन अठ्ठावन्न चारशे. पायांवर सूज नाही, धाप नाही. उलट चालताना अंग इतकं हलकं लागत होतं की जिना उतरताना त्यांनी कठडा धरला.

वाटेत एका मोठ्या स्टेशनावर गाडी बदलायची होती. सिस्टरनी आधीच पत्र देऊन तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीची सोय करून ठेवली होती. एक पलंग, पांढरा पडदा, हात धुवायला नळ. एक वाजला होता. बायकोने मास्क लावला, पिशवी पडद्याच्या दांडीला टांगली आणि नियमाप्रमाणे बाहेर जाऊ लागली. काटेसाहेबांनी तिला थांबवलं. तू बस, म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी नळी जोडली, चिमटा उघडला.

खालची पिशवी फरशीवर सपाट पडून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ते कुशीवर झाले. उठून उभे राहिले. बायकोने नळीला कुठे पीळ पडलाय का ते बोटांनी चाचपून पाहिलं. एक थेंब आला नाही. सकाळी घरून निघताना दोन लिटर आत गेले होते. तिने त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं, रिकामं.

“अहो,” ती म्हणाली, “पाणी गेलं कुठे?”

तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, वहीसकट. सांगून झाल्यावर तिने मास्क काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बाहेर फलाटाकडे बघत राहिली. घरी परत जाणारी गाडी पलीकडच्याच फलाटावर उभी होती. दोघांनाही ती दिसत होती.

“तिथे अक्का एकटी आहे,” शेवटी ती म्हणाली. “त्याच्यासोबत.”

त्यांनी सामान उचललं.

८

अक्काच्या घराशी पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दार आतून कडी न लावता नुसतं लोटलेलं होतं. अक्का जिन्यासमोर खुर्ची टाकून बसली होती, तोंड जिन्याकडे. पावलं ऐकून तिने मान वळवली आणि जागच्या जागी गोंधळली, जसं एकाच वेळी दोन दिशांनी कुणी हाक मारावी.

काटेसाहेब तिच्या पायाशी बसले. तिने त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, उरल्यासुरल्या नजरेने कपाळापासून हनुवटीपर्यंत बघून घेतलं. मग डोळ्यांवर भरवसा नसल्यासारखी बोटंही फिरवली.

“केवढासा झालास रे,” ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. “मला वाटलं, येत नाहीस.”

बायको तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग वरून खोकल्याचा आवाज आला. दोनदा.

बायकोने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो हळूच सोडवला. ते जिना चढू लागले, तेव्हा चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: ज्याचं माप खोटं असेल त्याच्यासमोर उभं राहायचं आणि नाव विचारायचं.

वरचं दार बंद होतं. आतून तो आवाज येत होता, जो त्यांच्याखेरीज कुणाला ओळखता आला नसता: नळीतली हलकी गुळगुळ. त्यांनी दार चार बोटं उघडलं. सुताराने तेल घातलेली बिजागरी वाजली नाही.

मावळतीचं ऊन भिंतीवर आडवं पडलं होतं. खिडकीच्या गजाला आकडा, आकड्याला पिशवी, ताज्या पाण्याने टिच्च भरलेली, हात न लावलेली. खाली जमिनीवर दुसरी पिशवी, आणि ती भरत होती. नळी तिच्यातून निघून खुर्चीकडे गेली होती. खुर्चीची पाठ दाराकडे. पाठीच्या वर काही दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त खुर्चीच्या हातावर ठेवलेला मनगटापर्यंतचा पंजा. कपडे भिजत घातलेल्या बादलीत दिवसभर राहिल्यासारखा तो पांढरा होता, बोटांची टोकं सुरकुतलेली, आणि ऊन पडलं होतं तिथे ते त्याच्यातून थोडंसं पलीकडे जात होतं.

काटेसाहेबांना काही विचारायचं होतं. ओठ हलले असतील, आवाज आला नाही.

तरी तो पंजा उचलला गेला. मागे न वळता, घाई न करता, तळवा दाराकडे. थांबा, अजून व्हायचंय.

आणि काटेसाहेबांनी दार लावून घेतलं. घाबरून नव्हे, ते काम चालू असताना दार उघडायचं नसतं, म्हणून. अगदी हळू, आवाज होऊ न देता. हे आपण काय केलं, ते त्यांना जिन्याच्या मधोमध आल्यावर कळलं.

९

खाली बायकोने दिवा लावला होता. ते अक्काच्या शेजारी बसले.

“झालं त्याचं?” अक्काने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “अजून दहा मिनिटं लागतील.”

अक्काने मान हलवली. तिने त्यांचा हात मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याने मनगटाची नाडी चाचपत राहिली, लहानपणी ताप बघायची तशी. एकदा तिचा अंगठा थांबला, पुन्हा त्याच जागी गेला, जरा जोर देऊन. बायकोने पुढचं दार सताड उघडं टाकलं आणि दोन्ही बॅगा उंबऱ्याजवळ नेऊन ठेवल्या. आता कुठे जायचं, कधी जायचं, अक्काला उचलून कसं न्यायचं, हे तिच्या मनात चाललं असावं. बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

वर खुर्ची सरकली.

मग पावलं. पाय घासत, बेताबेताने, आधी खिडकीपर्यंत, तिथून दारापर्यंत. दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पावलं दाराअलीकडेच थांबली असं क्षणभर वाटलं. बायको उंबऱ्यातून “अहो, चला” म्हणाली, पण काटेसाहेबांचा हात अक्काच्या हातात होता आणि अक्का उठत नव्हती. तिने तोंड जिन्याकडे केलं होतं.

वरची पहिली पायरी वाजली.

“खाली कधी आला नव्हता रे तो,” अक्का म्हणाली.